घरात दिव्याखाली मिरची: जाळी बांधून आडवी पसरवायची की सरळ वाढू द्यायची?

तळघरातली_मिरची

नमस्कार मंडळी. आम्ही ओंटारियोत राहतो. नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर काही उगवायची सोय नाही, म्हणून तळघरात चार फूट बाय दोन फुटांचा कापडी तंबू लावलाय. वर एलईडी दिवा, खाली चार कुंड्यांत ज्वाला मिरची. रोपं अडीच फूट झालीत आणि आता दिवा आणखी वर सरकवायला जागा उरलेली नाही. वरची पानं कडेने करपायला लागलीत, खालची पिवळी पडून गळताहेत. मिरच्या लागल्या त्या फक्त शेंड्याकडे. मधली सगळी उंची नुसती काडी.

शेजारचे आजोबा त्यांच्या तळघरात गांजाची झाडं लावतात. दचकू नका, कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून ते कायदेशीर आहे आणि इथे एका घरात चार झाडांपर्यंत मुभा आहे. त्यांनी मला त्यांचा तंबू दाखवला. कुंड्यांच्या वर फूटभर उंचीवर दोरीची जाळी ताणलेली, आणि चारही झाडांचे शेंडे त्या जाळीखालून आडवे नेत नेत पसरवलेले. वरून पाहिलं तर जेवणाच्या टेबलासारखी सपाट हिरवळ. एकही शेंडा दुसऱ्याच्या वर नाही. जाळीखाली मात्र सगळं साफ, नुसती खोडं.

ते पाहिल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. प्रश्न असे: मिरचीला हे चालतं का? शेंडा कधी खुडायचा? जाळीखालची पानं काढायची की ठेवायची? माझ्या चारपैकी दोन रोपांना फुलं आलीत, आता उशीर झाला का? नवीन चार रोपंही तयार आहेत, सहा-सहा पानांची.

ठेचाप्रेमी

उशीर झाला की नाही ते जाणकार सांगतील. ठेचा कधी करताय तेवढं कळवा, आम्ही टोरंटोत आहोत आणि गाडी आहे.

पेर_आणि_डोळा

शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खाली उतरतं. ते उतरत असतं तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा खुडला की वरून येणारा तो दाब थांबतो आणि खालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. शेंडा नुसता आडवा वाकवला तरी हे घडतं, फक्त सावकाश: वाकलेल्या फांदीवरचे वरच्या बाजूचे डोळे उभे फुटायला लागतात. जाळीमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र वापरलेल्या असतात.

आता जाळीचं खरं काम. बाहेर सूर्य इतका लांब आहे की झाडाचा शेंडा आणि बूड दोन्ही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. तुमचा दिवा मात्र शेंड्यापासून फूटभर आणि बुडापासून तीन-साडेतीन फूट. त्यात वरच्या पानांची सावली. म्हणून खालची पानं उपाशी राहतात आणि झाड ती टाकून देतं. सगळे शेंडे एका पातळीत आणले की सगळ्यांना सारखा उजेड मिळतो. घरात उंच झाड म्हणजे फुकट गेलेला उजेड.

पण शेजारच्या आजोबांची पद्धत जशीच्या तशी उचलू नका. गांजाचं झाड रात्रीच्या लांबीवर फुलतं. दिवा बारा तास बंद ठेवायला लागेपर्यंत बहुतेक जाती फुलावर येत नाहीत, त्यामुळे आधी जाळी भरून घ्यायची आणि मग फुलवायचं, हे ठरवणं त्यांच्या हातात असतं. मिरचीला दिवसरात्रीचं तसं बंधन नाही. वय झालं की ती फुलणारच. म्हणून जाळी भरेपर्यंत फुलं तुम्हालाच खुडावी लागतील. पहिल्या बेचक्यात येणारं फूल तर नक्कीच काढा. ते राहिलं आणि मिरची धरली की झाडाची वाढ तिथेच मंदावते.

नवीन चार रोपांवर करा. आठ पानं झाली की वरचा शेंडा खुडा. जुन्या दोघींची फळं खा.

मातीतला_माणूस

मला हे पटत नाही. मिरची हे मुळातच दुफाट्याचं झाड आहे. खोड वाढतं, पहिलं फूल येतं, तिथे बेचकं होतं, मग प्रत्येक फांदीचं पुन्हा बेचकं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ती आपणहून झुडूप होते. शेंडा खुडला की पंधरा दिवस ती नुसती सावरत बसते. सोलापूरकडे आमच्या शेतात तीन पिढ्या मिरची आहे, कोणी शेंडा खुडलेला मला आठवत नाही. दिव्याखाली वेळ आणि वीज दोन्ही मोजून वापरता, मग पंधरा दिवस का घालवायचे?

पेर_आणि_डोळा

@मातीतला_माणूस, दुफाट्याचं अगदी खरं. पण शेतात पहिलं बेचकं फूटभरावर झालं तरी बिघडत नाही, वर आकाश मोकळं आहे. तंबूत एकूण उंचीच पाच फूट असते. त्यातून कुंडी आणि दिव्याखालचं अंतर वजा करा, झाडाला अडीच-तीन फूट उरतात. तिथे बेचकं खाली आणणं हाच मुद्दा.

निफाडचा_बागाईतदार

धागा वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. तुम्ही ज्याला जाळी म्हणता त्याला आम्ही मांडव म्हणतो. माझी द्राक्षाची अडीच एकर बाग आहे, थॉमसन जातीची. वडिलांनी लावलेली, आता मी बघतो.

द्राक्षवेल सोडली तर झाडावर चढेल आणि वर शेंड्याला चार आंबट घड देईल. तिला सहा-सात फुटांवर तारेच्या मांडवावर आडवी करतो. एक खोड वर नेतो, शेंडा मारून दोन्ही बाजूंना ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या मुख्य फांद्या काढतो, ओलांड्यावर काड्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी. सगळी काडी एक-दोन डोळ्यांवर आणायची. नवीन फूट सात-आठ पानांवर आली की शेंडा मारायचा, म्हणजे बगलेतून सबकेन, म्हणजे पोटकाडी निघते. पुढच्या हंगामाचा घड या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच तयार होतो. डोळ्यावर ऊन पडलं तर घड, सावली पडली तर नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तो घड बाहेर काढायचा. म्हणजे फळ दिसतं जानेवारी-फेब्रुवारीत, पण ते ठरलेलं असतं मे महिन्यात, आपण काडीला ऊन दिलं की नाही त्यावर.

काड्या किती ठेवायच्या याची वडिलांची एक खूण होती. दुपारी बारा वाजता मांडवाखाली उभं राहायचं आणि जमिनीकडे बघायचं. नुसती सावली दिसली तर फुटी जास्त झाल्या, विरळणी करा. नुसतं ऊन दिसलं तर पानं कमी, दिव्याखाली पैसे जळतात तसं ऊन जळतंय. मातीवर रुपयाएवढे कवडसे हलताना दिसले पाहिजेत. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांची शिबिरं मी केली, यंत्रं लावून उजेड मोजतात तेही पाहिलं. तरी आजही बागेत गेलो की आधी मातीकडे नजर जाते.

तुम्ही जाळीखाली कुंडीच्या मातीकडे बघा. कवडसे दिसतात का सांगा.

तळघरातली_मिरची

निफाडकर काका, काय सुंदर लिहिलंत! आत्ता खाली जाऊन पाहून आले. मातीवर मिट्ट अंधार. मी आजवर नेहमी वरूनच बघत होते.

कढीपत्त्याची_आई

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. माझा अनुभव मिरचीचा नाही, कढीपत्त्याचा, पण गोष्ट तीच आहे.

सहा वर्षांपूर्वी वीतभर रोप मिळालं. पानं तोडायला जीव होईना, म्हणून वाढू दिलं. तीन वर्षांत चार फुटांची एकच काठी झाली, टोकाला छत्रीसारखी बारा-पंधरा डहाळ्या. घरात आलेला प्रत्येक मराठी माणूस म्हणायचा, "अगं, शेंडा काप." मी म्हणायचे, बघू. एका फेब्रुवारीत थंड खिडकीपाशी राहिलं आणि सगळी पानं गेली. आता काय वाईट व्हायचं उरलंय, म्हणून गुडघ्याएवढ्यावर कापलं. महिनाभर नुसता खुंट. रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यापुढे बसायचे. मार्च अखेरीस सालीवर तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका दिसला. मग आणखी दोन. आज त्या खुंटाला सात फांद्या आहेत.

तेव्हापासून पानं ओरबाडत नाही. फोडणीला लागली की फांदीचं टोकच कात्रीने घेते, दोन-तीन डहाळ्यांसकट. फोडणीही होते आणि छाटणीही. कापलं त्याच्या खाली दोन नवीन फुटी येतात.

ठेचाप्रेमी

"फोडणीही होते आणि छाटणीही" हे मी बायकोला वाचून दाखवलं. आमचा कढीपत्ता आज संध्याकाळी कापला. पोहे झाले.

प्रश्नचिन्ह

जरा अवांतर. त्या दुसऱ्या झाडाचं, गांजाचं, भारतात काय? हिमाचलात रस्त्याकडेला उगवलेलं पाहिलंय.

कागदपत्र

रस्त्याकडेला आपोआप उगवणं वेगळं आणि लावणं वेगळं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची व्याख्या फुलं-फळं आलेले शेंडे अशी आहे, शेंड्यांशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. पण परवान्याशिवाय झाड लावणं हाच गुन्हा आहे, कुंडीत एक असलं तरी. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांनी जाळी बांधावी ती मिरची-टोमॅटोसाठी. आता मूळ विषयावर येऊ या.

बाल्कनी_पूर्वेची

पुण्यात, चौथा मजला. मी जाळीवर दुधी आणि काकडी लावते. दुधीत मुख्य वेलीवर बहुतेक नर फुलं येतात आणि मादी फुलं बाजूच्या फुटींवर जास्त, म्हणून शेंडा खुडून फुटी काढल्या की फरक पडतो. स्वतः केलंय, आधीच्या वर्षी एक दुधी, पुढच्या वर्षी शेजारी वाटावे लागले. हाच उत्साह काकडीवर दाखवला तिथे फसले. ती संकरित जात होती, मुख्य वेलीवरच पेरागणिक मादी फूल. मी शेंडा खुडून येणारं पीकच खुडून टाकलं. तेव्हा कात्री उचलायच्या आधी आपली जात फळ कुठे धरते ते आठवडाभर नुसतं बघावं.

तळघरातली_मिरची

तीन आठवड्यांनी येतेय. नवीन चारही रोपांचा शेंडा आठव्या पानावर खुडला. नखानेच, कात्री लागली नाही. पाचव्या दिवशी पानांच्या बगलेत टोकदार हिरवे डोळे दिसले. जाळी पीव्हीसी पाइपच्या चौकटीला सुतळीने विणली, तीन-तीन इंचांच्या चौकटी, कुंडीच्या काठापासून फूटभर वर.

आज मात्र रडू आलं. सगळ्यात जोमदार रोपाची फांदी चौकटीखालून पुढे नेताना कट् असा आवाज आला आणि बेचक्यातच उभी फाटली. आत ओलं पांढरं लाकूड दिसतंय, अर्धी साल अजून धरून आहे. सकाळीच पाणी घातलं होतं. आता ती फांदी कापून टाकू का?

निफाडचा_बागाईतदार

ताई, कापू नका! लगेच दोन्ही भाग जुळवून घट्ट बांधा. घरात विजेच्या वायरला गुंडाळतात ती चिकटपट्टी असेल, ती चालते. वजन पडू नये म्हणून जाळीला सैल गाठ मारून टेकू द्या. साल जोडलेली आहे तोवर फांदी जगते. दहा-बारा दिवसांनी तिथे गाठ येईल.

आणि पाणी घातल्यावर कधी वाकवायचं नाही. पाण्याने भरलेली फांदी काचेसारखी तुटते. पाण्याच्या आदल्या दिवशी, पानं जरा मलूल दिसत असताना वाकवा. एका हाताच्या चिमटीत बेचकं धरा, दुसऱ्या हाताने टोक न्या. एका दिवसात एकच चौकट.

मातीतला_माणूस

काकांशी सहमत. एक भर घालतो: बांधणारा तंबाखू खात असेल तर आधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू मळलेल्या हातावरून मिरची आणि टोमॅटोवर जातो. छाटणीची जखम म्हणजे त्याला उघडं दार. आमच्याकडे रोपं लावायला येणाऱ्या बायकांना आई आधी मिश्री धुऊन यायला लावायची. कारण तिला माहीत नव्हतं, पण नियम पक्का होता.

दिवा_चालू_आहे

जाळीखालच्या पानांवर कोणी बोललंच नाही. मी न्यू जर्सीत, घरात टोमॅटो आणि मिरची. व्हिडिओ बघून एका रविवारी जाळीखालचं सगळं काढलं, आणि मग हात थांबेना म्हणून वरचीही मोठी पानं "फुलांवर उजेड पडावा" म्हणून काढली. दहा दिवस झाडं तशीच उभी, एक नवीन पान नाही. आलेली फुलं देठासकट गळली. पान म्हणजे झाडाची चूल. चूल विझवून जेवण वाढा म्हणायचं, तसलं काम मी केलं.

आता एका वेळी रोपामागे तीन-चार पानं, तीही फक्त पिवळी पडायला लागलेली किंवा मातीला टेकलेली. मग आठवडा थांबायचं. जाळीखालच्या कोवळ्या फुटी मात्र दिसताक्षणी खुडते, कारण त्या उजेडात कधी पोचणारच नसतात आणि अन्न मात्र खातात.

निफाडचा_बागाईतदार

वांझ फुटी आम्हीही अशाच काढतो, वीतभर व्हायच्या आत. बोटाने निघते तोवर काढावी. कात्री लागली म्हणजे उशीर झाला.

कढीपत्त्याची_आई

दाट जाळीबद्दल एक सावधगिरी. हिवाळ्यात घर तापवलं की हवा कोरडी होते आणि लाल कोळी येतो. पानाच्या मागे बारीक ठिपके, मग जाळं. वरून हिरवळ छान दिसत असताना खाली त्यांचं गाव वसतं. दर रविवारी पाच-सहा पानं उलटी करून भिंगाने बघा. लहानसा पंखा जाळीखालून फिरत ठेवा. त्याने फांद्या जाड होतात, आणि मिरचीचं परागीकरणही होतं. आत मधमाशी नाही, झाड हललं तरच पराग पडतो.

तळघरातली_मिरची

हो, मी रोज संध्याकाळी जाळीची चौकटच हलवते. माझा सहा वर्षांचा मुलगा त्याला "मिरचीचा भूकंप" म्हणतो, आणि ते काम आता त्याच्याकडेच आहे.

मातीतला_माणूस

धाग्यावर विरोधात बोललो होतो, म्हणून करून पाहिलं. घराच्या गच्चीवर एकाच ट्रेमधली चार रोपं घेतली. दोन खुडली, दोन सोडली. न खुडलेल्यांना अठरा दिवस आधी मिरची लागली, हे मी म्हटलं होतं तसंच. पण आता दोन महिन्यांनी बघतोय तर खुडलेली दोन बुटकी आणि रुंद आहेत, वाऱ्यात आडवी झाली नाहीत. न खुडलेल्या एकीला काठी बांधावी लागली. तोडा कोणाचा जास्त म्हणाल तर अजून सांगत नाही, हंगाम संपू दे. गच्चीवर, भरपूर उन्हात मला अजूनही फारसा फरक वाटत नाही. तळघरात वाटत असेल, ते मान्य.

पेर_आणि_डोळा

इतकं नेटाने करून पाहिलंत, मनापासून धन्यवाद. पुढच्या आठवड्यात वर्गात मुलांना हेच सांगते आणि त्यांच्याकडूनही चार रोपं लावून घेते.

तळघरातली_मिरची

अडीच महिन्यांनी पुन्हा. जाळी भरली. पहिले सहा आठवडे येईल ते फूल खुडलं, सगळ्यात अवघड तेच होतं. शेंडे जाळीच्या कडेला पोचल्यावर वाकवणं थांबवलं, फुलं राहू दिली. दिवा आता शेंड्यांपासून सव्वा फुटावर आहे आणि महिनाभर हलवावा लागलेला नाही. मधल्या कुंडीवरच्या मिरच्या आणि कोपऱ्यातल्या मिरच्या साधारण सारख्याच लांब आहेत. आधीच्या रोपांत हे कधी झालं नव्हतं.

फाटलेल्या फांदीवर बोराएवढी गाठ आली आहे. पट्टी काढली. त्या एका फांदीवर आज अकरा मिरच्या मोजल्या. निफाडकर काका, तुमच्यामुळे वाचली ती.

शेजारच्या आजोबांना बोलावून दाखवलं. खाली वाकून बराच वेळ बघत होते, मग जाळीखाली हात घालून दोन फुटी खुडून माझ्या हातावर ठेवल्या. माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. त्यांना डबाभर ज्वाला दिली आणि जपून खायला सांगितलं.

आता नवा प्रश्न. मे अखेरीस ही झाडं बाहेर वाफ्यात न्यायची आहेत. जाळीत गुंतलेली फांदी सोडवायची कशी?

निफाडचा_बागाईतदार

फांदी सोडवू नका, सुतळी कापा. सुतळी दहा रुपयांची आहे.

आणि बाहेर नेल्यावर पहिला आठवडा सावलीत ठेवा. दिव्याखालचं पान उन्हाला नवखं असतं, पांढरं पडून भाजतं. आधी सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं वाढवत न्या.

ठेचाप्रेमी

मे अखेरीस म्हणजे शनिवार की रविवार? पाटा-वरवंटा आमच्याकडे आहे, मी घेऊन येतो.

तळघरातली_मिरची

शनिवार. भाकरीचं पीठ माझ्याकडे आहे, लसूण तेवढा घेऊन या.